समलिंगी विवाह आणि बदलतं जनमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या मोठ्या सामाजिक प्रश्नावर लोकांचं मत एका पिढीच्या आत उलटं फिरलं, असं फार क्वचित घडतं. समलिंगी विवाहाच्या बाबतीत अनेक देशांत ते घडलं. ते का घडलं, सगळीकडे का घडलं नाही आणि झालेला बदल टिकेल का, असे प्रश्न विद्यार्थी, पालक आणि कार्यकर्ते पुन्हा पुन्हा विचारतात. माझी बाजू आधीच सांगते: दोन सज्ञान व्यक्तींना लग्नाचा समान हक्क असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. पण माझ्या बाजूला गैरसोयीच्या ठरणाऱ्या गोष्टीही खाली तितक्याच स्पष्टपणे मांडल्या आहेत.

समाजशास्त्राचा या विषयाशी नेमका काय संबंध?

लग्न कोणी कोणाशी करावं हे ठरवणं समाजशास्त्राचं काम नाही. लग्नाची मान्यता कोण देतं, कोणाला नाकारतं, ही सीमारेषा कोण आखतं आणि ती कशामुळे सरकते, हे तपासणं त्याचं काम आहे.

मत खरोखर किती बदललं?

सर्वांत लांब पल्ल्याची आकडेवारी अमेरिकेची आहे. तिथल्या एका राष्ट्रीय सामाजिक सर्वेक्षणात १९८८ मध्ये हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा हक्काच्या बाजूने होते जेमतेम दहा-बारा टक्के लोक. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत १९९६ मध्ये २७ टक्के, २०११ मध्ये पहिल्यांदाच निम्म्याच्या वर म्हणजे ५३ टक्के आणि २०२२ मध्ये ७१ टक्के. तुलनेसाठी कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीयांमधल्या लग्नाचं उदाहरण घ्या. त्याला १९५८ मध्ये तिथे ४ टक्के लोकांची संमती होती आणि निम्म्याहून अधिक लोक राजी व्हायला १९९० चं दशक उजाडलं.

कायद्याची वाटचाल याला समांतर आहे. डेन्मार्कने १९८९ मध्ये समलिंगी जोडप्यांना नोंदणीकृत सहजीवनाची मुभा दिली, पण त्याला लग्न म्हटलं नाही. नेदरलँड्समध्ये १ एप्रिल २००१ च्या मध्यरात्री कायदा लागू होताच अॅम्स्टरडॅमच्या महापौरांनी चार जोडप्यांची लग्नं लावली. मग बेल्जियम, स्पेन, कॅनडा, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना अशी रांग लागली. २०१९ मध्ये तैवान आणि जानेवारी २०२५ मध्ये थायलंड त्यात सामील झाले. आज असे देश पस्तीसहून अधिक आहेत. पण २०२३ मध्ये प्यू संशोधन केंद्राने २४ देशांत विचारलं, तेव्हा स्वीडनमध्ये ९२ टक्के लोक अनुकूल होते आणि नायजेरियात २ टक्के. म्हणजे 'जग बदललं' असं सरसकट म्हणायची सोय नाही.

जुनी पिढी गेली, नवी आली, म्हणून मत बदललं. इतकंच ना?

हा सर्वांत लोकप्रिय समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे.

पिढ्यांचा वाटा आहेच. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्येच मांडलं होतं की ऐन तारुण्यात माणूस जे अनुभवतो त्याचा ठसा पुढे आयुष्यभर टिकतो आणि म्हणून एका काळात वयात आलेले लोक जगाकडे साधारण एका नजरेने पाहतात. ज्यांच्या कॉलेजच्या दिवसांत समलैंगिकता हा गुन्हा किंवा आजार मानला जात होता आणि ज्यांच्या वर्गात समलैंगिक मित्र उघडपणे बसत होते, त्या दोघांची सुरुवातच वेगळी असते. अमेरिकी मनोविकार संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये वगळलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. हे फार जुनं नाही.

पण केवळ पिढ्यांची अदलाबदल झाली असती तर आकडे मुंगीच्या पावलांनी सरकले असते, कारण दरवर्षी लोकसंख्येचा फार थोडा भाग बदलतो. इथे ते धावले. याचा उलगडा कसा करतात तेही पाहा. १९४० च्या दशकात जन्मलेल्यांची मतं १९८८ मध्ये काय होती, २००० च्या आसपास काय होती, २०१० मध्ये काय होती, अशी एकेका जन्मगटाची मतं वेगवेगळ्या वर्षांच्या सर्वेक्षणांत शोधायची. प्रत्येक गट आपल्या जागी ठाम राहिला असेल तर बदलाचं श्रेय नव्या पिढीला. गटांची मतंच सरकली असतील तर माणसांनी मन बदललं. अमेरिकेच्या १९८८ ते २०१० या काळाचं असं विश्लेषण झालं आहे आणि त्यात मोठा वाटा मन बदलण्याचा निघाला. साठी-सत्तरीतली माणसंही हलली होती.

मला यात फार मोठा दिलासा वाटतो. कोणाला 'जुन्या वळणाचा' म्हणून सोडून द्यायची गरज नाही, हे आकडेच सांगतात.

मग माणसांनी मन का बदललं?

एका कारणावर बोट ठेवायचं तर ओळख, म्हणजे समलैंगिक माणसाशी असलेला प्रत्यक्ष परिचय. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सिद्धान्त मांडला की दोन गटांतली माणसं बरोबरीच्या नात्याने, सामाईक कामात, एकमेकांच्या सहकार्याने आणि संस्थांच्या पाठबळासह एकत्र आली की पूर्वग्रह कमी होतात. वंश किंवा वर्ग यांच्या बाबतीत ही अट जमवणं अवघड असतं, कारण वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, जेवणाची पंगत वेगळी. समलैंगिक माणसं मात्र प्रत्येक घरात, प्रत्येक धर्मात, प्रत्येक आर्थिक थरात जन्माला येतात. ओळख, माया, बरोबरी हे सारं आधीपासून असतं. माहीत नसते ती एकच गोष्ट. म्हणून भाऊ, मुलगी, शिक्षिका किंवा सहकारी जेव्हा स्वतःबद्दल सांगतात, तेव्हा समोरच्याला अनोळखी माणसाबद्दलचं मत बनवायचं नसतं. आपल्या माणसाबद्दलचं प्रेम ठेवायचं की जुनं मत, हे त्याला ठरवायचं असतं.

चळवळीला हे लवकर उमगलं होतं. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात समलैंगिक शिक्षकांना शाळांतून काढण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचे समलैंगिक लोकप्रतिनिधी हार्वे मिल्क यांनी समलैंगिक लोकांना हेच आवाहन केलं: घरी सांगा, शेजाऱ्यांना सांगा. प्रस्ताव पडला. पुढे १९८० च्या दशकात एड्सच्या साथीने अनेकांचं गुपित इच्छा नसताना उघडं पाडलं. वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या जोडीदाराला रुग्णालयात 'तुम्ही नातेवाईक नाही' म्हणून दारातच अडवलं जाई आणि मृत्यूनंतर घरावरचा हक्कही जाई. लग्नाची मागणी इतकी तीव्र झाली ती या अनुभवातून.

राजकारणातलं एक ठळक उदाहरण रॉब पोर्टमन यांचं आहे. ओहायोचे हे रिपब्लिकन सिनेटर समलिंगी विवाहाचे विरोधक होते. मुलगा समलैंगिक असल्याचं कळल्यानंतर त्यांनी मार्च २०१३ मध्ये जाहीरपणे भूमिका बदलली.

एक सावधगिरी मात्र हवी. जिथे समजून घेतलं जाईल असं वाटतं तिथेच माणूस मन मोकळं करतो. त्यामुळे 'ओळख आहे म्हणून मत उदार' की 'मत उदार म्हणून कोणीतरी ओळख दिली', हे नेहमी वेगळं काढता येत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना बळ देतात, असं म्हणणं जास्त प्रामाणिक ठरेल.

लग्न ही तर हजारो वर्षांची अढळ संस्था. ती अचानक कशी बदलली?

ती अचानक बदलली नाही आणि समलैंगिक जोडप्यांनी तर ती मुळीच बदलली नाही. माझ्या मते या सगळ्या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

लग्न दीर्घकाळ मालमत्ता, वारस, श्रम आणि घराण्यांचे संबंध यांची व्यवस्था होती. त्यात नवरा आणि बायको यांच्या भूमिका कायद्यानेच वेगळ्या ठरवलेल्या असत. फ्रान्समध्ये १९६५ पर्यंत विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरता येत नव्हती, स्वतःचं बँक खाते उघडता येत नव्हतं. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायदा म्हणत होता की पत्नीने नोकरी करावी ती संसाराच्या कर्तव्यांशी जुळत असेल तरच. अशा लग्नात दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया बसणं शक्यच नव्हतं, कारण एक जागा मालकाची होती आणि दुसरी आश्रिताची.

मग गर्भनिरोधक आले आणि लग्न व संततीची गाठ सैल झाली. घटस्फोट सोपा झाला. स्त्रिया कमावू लागल्या आणि त्यांच्याच लढ्यामुळे कायद्यातल्या वेगळ्या भूमिका एकेक करून पुसल्या गेल्या. समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स यांनी १९९२ मध्ये म्हटलं की आधुनिक नातं आता नात्यापासून मिळणाऱ्या समाधानावर उभं आहे. दुसरे समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन यांनी २००४ मध्ये दाखवलं की लग्नाचे नियम सैल झाले, तरी त्याची प्रतिष्ठा टिकून राहिली. लग्न म्हणजे दोन बरोबरीच्या माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द, हा अर्थ आधी भिन्नलिंगी जोडप्यांनीच रुळवला. एकदा तो रुळल्यावर समलिंगी जोडप्यांना बाहेर ठेवायला कारण सापडेना. विरोधकांना लग्नाची व्याख्या मोडल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती आधीच बदलली होती आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण त्याच नव्या व्याख्येप्रमाणे संसार करत होते.

आधी मत बदलतं की आधी कायदा?

दोन्ही प्रकार आढळतात. दक्षिण आफ्रिकेत २००६ मध्ये कायदा झाला तेव्हा बहुसंख्य लोकांना समलैंगिक संबंधच चुकीचे वाटत होते. वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यातून जन्मलेल्या राज्यघटनेने तिथे वाट काढली. उलट जपानमध्ये प्यूच्या २०२३ च्या पाहणीत दोन तृतीयांशाहून अधिक लोक अनुकूल होते, पण देशपातळीवर कायदा नाही. भारतात त्याच पाहणीत ५३ टक्के लोक अनुकूल होते. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र लग्न हा मूलभूत हक्क नसल्याचं सांगत निर्णय संसदेवर सोपवला.

तैवानचा प्रवास जास्त वळणांचा आहे. २०१७ मध्ये तिथल्या घटनापीठाने समान हक्काच्या बाजूने कौल दिला आणि दोन वर्षांची मुदत दिली. नोव्हेंबर २०१८ च्या सार्वमतात लोकांनी मोठ्या बहुमताने विरोध नोंदवला. सरकारने मधला मार्ग काढला आणि नागरी संहितेला हात न लावता मे २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यानंतरच्या सरकारी पाहण्यांमध्ये पाठिंबा २०१८ च्या सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६० टक्क्यांपर्यंत चढला. ज्या आपत्तीची भीती घातली गेली होती ती आली नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

कायदा मनावर कसा काम करतो याचं एक बारीक निरीक्षण मार्गारेट टँकार्ड आणि एलिझाबेथ लेव्ही पॅलक या मानसशास्त्रज्ञांनी केलं आहे. समलिंगी विवाह देशभर वैध ठरवणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०१५ च्या निकालाआधी आणि नंतर त्यांनी लोकांना विचारलं. निकालामुळे लोकांचं स्वतःचं मत लगेच बदललं नव्हतं. बदलला होता तो 'इतरांना काय वाटतं' याचा अंदाज. आपण एकटे पडणार नाही, हे कळलं की माणूस बोलू लागतो.

आयर्लंडसारख्या कॅथलिक देशाने सार्वमतात 'हो' कसं म्हटलं?

आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत समलैंगिक संबंध हा गुन्हा होता. घटस्फोटाची बंदी १९९५ मध्ये उठली तीही जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने. आणि २२ मे २०१५ रोजी त्याच देशाने ६२ टक्के मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. ४३ मतदारसंघांपैकी फक्त एकाने, रॉसकॉमन-साउथ लीट्रिमने, 'नाही' म्हटलं.

यामागे तीन गोष्टी होत्या. लहान मुलांवरील अत्याचारांच्या चौकशी अहवालांनी चर्चचा नैतिक दरारा आधीच ओसरला होता. दुसरं, राजकारण्यांनी प्रश्न थेट मतपेटीत टाकला नाही. आधी शंभर जणांची घटना परिषद भरवली. त्यात ६६ सामान्य नागरिक होते, ३३ लोकप्रतिनिधी आणि एक अध्यक्ष. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, आपसात बोलले आणि एप्रिल २०१३ मध्ये ७९ टक्क्यांनी बदलाची शिफारस केली. तिसरं, प्रचारात हक्कांच्या कलमांपेक्षा माणसांच्या कहाण्या पुढे होत्या. आईवडील दारोदार जाऊन सांगत होते की मला तीन मुलं आहेत, तिघांची लग्नं व्हावीत असं वाटतं. परदेशी गेलेले तरुण मत द्यायला विमानं-बोटींनी परतले. श्रद्धाळू लोकांनी श्रद्धा सोडून मत दिलं नाही, श्रद्धेसकट दिलं, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं.

म्हणजे धर्म आड येत नाही?

येतो. पण 'कोणता धर्म' यापेक्षा 'माणूस धार्मिक समूहात किती गुंतलेला आहे' हे मत जास्त ठरवतं. नेमाने प्रार्थनास्थळी जाणाऱ्यांमध्ये विरोध अधिक दिसतो. धर्मसंस्थाही एका जागी थांबलेल्या नाहीत. स्वीडनच्या चर्चने २००९ पासून आणि स्कॉटलंडच्या चर्चने २०२२ पासून अशी लग्नं लावायला परवानगी दिली आहे.

नुसतं सोबत राहिलं तर काय बिघडतं? कागदाने काय फरक पडतो?

एडिथ विंडसर आणि थिया स्पायर चाळीसहून अधिक वर्षं एकत्र राहिल्या आणि २००७ मध्ये कॅनडात जाऊन त्यांनी लग्न केलं. २००९ मध्ये थिया गेल्या. अमेरिकी सरकारने लग्न मानलं नाही आणि एडिथ यांच्या हाती वारसा कराची ३,६३,०५३ डॉलरची मागणी आली. थिया पुरुष असत्या तर हा कर शून्य असता. लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचं, असं मानणारा केंद्रीय कायदा याला कारण होता आणि एडिथ यांच्याच खटल्याने २०१३ मध्ये तो पडला.

त्याच वर्षी ओहायोत जॉन आर्थर मृत्युशय्येवर होते. त्यांचे जोडीदार जिम ओबरगेफेल यांनी त्यांना वैद्यकीय विमानातून मेरीलँडला नेलं. धावपट्टीवर उभ्या विमानातच लग्न लागलं. पण जॉन यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'विवाहित' आणि पतीचं नाव लिहायला ओहायो राज्य तयार नव्हतं. एका दाखल्यावरच्या एका रकान्यासाठी सुरू झालेला हा लढा २०१५ च्या देशव्यापी निकालापर्यंत गेला.

दाखल्यांच्या पलीकडेही परिणाम दिसतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेच्या ज्या राज्यांनी आधी कायदा केला तिथे शाळकरी मुलांमधले आत्महत्येचे प्रयत्न सुमारे ७ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. त्या मुलांचं लग्नाचं वयही झालेलं नव्हतं. आपल्यालाही या समाजात जागा आहे, इतकंच त्यांना कळलं होतं.

मुलांवर वाईट परिणाम होतो का?

नाही. अमेरिकन समाजशास्त्रीय संघटनेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे उपलब्ध संशोधनाचा आढावा ठेवला आणि समलिंगी पालकांची मुलं इतरांइतकीच चांगली वाढतात, असं स्पष्ट सांगितलं. २०१२ मधल्या एका अभ्यासाचा उलट दाखला वारंवार दिला जातो. त्यात स्थिर समलिंगी कुटुंबांत वाढलेली मुलं जवळपास नव्हतीच. मोडलेल्या संसारांतली मुलं स्थिर संसारांतल्या मुलांशी ताडून पाहिली होती.

सर्वेक्षणात लोक खरं बोलतात का?

नेहमीच नाही. प्रश्नकर्त्यापुढे आपण बरे दिसावं असं प्रत्येकाला वाटतं. यावर एक युक्ती आहे. एका गटाला चार निरुपद्रवी विधानं देतात आणि 'यातली किती मान्य?' एवढंच विचारतात. दुसऱ्या गटाला तीच चार अधिक एक नाजूक विधान देतात. कोणती मान्य ते कोणी सांगत नाही, पण दोन गटांच्या सरासरीतला फरक नाजूक विधानाचं खरं प्रमाण उघड करतो. या पद्धतीने केलेल्या काही अभ्यासांत समलैंगिकांविरुद्धची भावना थेट प्रश्नात दिसते त्यापेक्षा जास्त निघाली, पण समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर असा फरक नेहमी आढळलेला नाही.

प्रश्नाची शब्दरचनाही आकडा हलवते. तैवानमध्ये सरकारी पाहणीत साठ टक्क्यांच्या आसपास पाठिंबा दिसत असताना प्यूच्या पाहणीत तो ४५ टक्के होता. म्हणून एका आकड्यावर कधी विसंबू नका; तोच प्रश्न त्याच शब्दांत वर्षानुवर्षं विचारला तर आलेख कुठे जातो, ते पाहा.

लग्नाला पाठिंबा म्हणजे पूर्ण स्वीकार का?

दुर्दैवाने नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात लोक विमा, वारसा असे कायदेशीर हक्क द्यायला तयार होते. पण दोन पुरुषांनी रस्त्यात हातात हात घालून चालणं किंवा गालाचं चुंबन घेणं त्यांना भिन्नलिंगी जोडप्याइतकं सहज वाटत नव्हतं. हक्काला होकार आणि नजरेत मात्र संकोच, अशी ही अवस्था आहे. 'लोकांचं ठीक आहे, आमच्या घरात नको' हे वाक्य याच अवस्थेतून येतं.

समलैंगिक व्यक्तींमध्ये लग्नावर एकमत आहे का?

कधीच नव्हतं. १९८९ मध्ये टॉम स्टॉडर्ड आणि पॉला एटलब्रिक या दोन अमेरिकी वकिलांमध्ये गाजलेला वाद झाला. स्टॉडर्ड म्हणत होते, लग्नाचा हक्क मिळाल्याशिवाय बरोबरी नाही. एटलब्रिक यांचं म्हणणं, लग्नाच्या चौकटीत बसणाऱ्यांनाच मान मिळेल आणि बाकीची नाती आणखी बाहेर ढकलली जातील. ती भीती अनाठायी नव्हती. मी हक्काच्या बाजूने आहे, पण लग्न न करणाऱ्यांचं संरक्षण हा प्रश्न त्याने सुटत नाही.

झालेला बदल उलटू शकतो का?

हो. अमेरिकेत रिपब्लिकन समर्थकांमधला पाठिंबा २०२१-२२ मध्ये ५५ टक्के होता, २०२५ मध्ये ४१ टक्के. एकूण आकडाही ७१ वरून ६८ वर आला. डेमोक्रॅट समर्थकांमध्ये घसरण नाही, म्हणजे प्रश्न पक्षांच्या ओळखीत अडकत चालला आहे. पक्षाचे नेते जे बोलतात तेच समर्थकांचं मत होऊ लागलं की शेजारच्या घरातल्या ओळखीचा जोर कमी पडतो. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या संसदेने वेगळा कायदा करून ही लग्नं सुरक्षित केली, ती न्यायालय २०१५ चा निकाल फिरवेल या धास्तीने. युगांडाने २०२३ मध्ये शिक्षा आणखी कठोर केल्या. रशियाने २०२० मध्ये लग्न म्हणजे स्त्री-पुरुषाचंच, असं राज्यघटनेत लिहून टाकलं.

विरोध असलेल्या जवळच्या माणसाशी कसं बोलावं?

यावर संशोधन आहे आणि त्याला एक काळा डागही आहे. २०१४ मध्ये एका नामांकित नियतकालिकात दावा छापून आला की समलैंगिक प्रचारकाने दारात वीस मिनिटं बोलून लोकांची समलिंगी विवाहाबद्दलची मतं टिकाऊपणे बदलली. पुढच्याच वर्षी आकडेच बनावट असल्याचं उघड झालं आणि लेख मागे घेतला गेला. ते उघड करणाऱ्यांपैकी डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या संशोधकांनी मग स्वतः मायामीत खरा प्रयोग केला. विषय पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींबद्दलच्या पूर्वग्रहाचा होता. साधारण दहा मिनिटांच्या संवादाचा परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकलेला दिसला.

त्या संवादांत युक्तिवाद फारसा नव्हता. प्रचारक आधी विचारत, तुम्हाला काय वाटतं आणि का. उत्तर कितीही टोचलं तरी खोडून काढत नसत. मग विचारत, तुम्ही वेगळे आहात म्हणून लोकांनी तुम्हाला कधी तुच्छ लेखलं आहे का? बहुतेकांकडे अशी आठवण असतेच. ती सांगून झाल्यावर प्रचारक स्वतःची सांगत. तुम्ही घरात बोलणार असाल तर एका बैठकीत होकार मिळवायचा हट्ट धरू नका. प्रश्न विचारा, उत्तराला वेळ द्या, आणि समोरच्याची गोष्ट पुरती ऐकून झाल्यावरच आपली सुरू करा.